मैदान आणि छापखाना : अमेरिकी महाविद्यालयांतील खेळ आणि विद्यार्थी-वृत्तपत्रे

१. विषय आणि त्याची मर्यादा

विसाव्या शतकाच्या आरंभीचे अमेरिकी महाविद्यालयीन जीवन अभ्यासताना दोन गोष्टी नेहमी शेजारी शेजारी दिसतात. पहिली म्हणजे आंतरमहाविद्यालयीन खेळ, त्यातही फुटबॉल. दुसरी म्हणजे विद्यार्थ्यांनीच लिहिलेले, छापून घेतलेले आणि विकलेले वृत्तपत्र. खेळाच्या इतिहासात या वृत्तपत्रांचा उपयोग सामन्यांच्या नोंदी शोधण्यापुरता होतो. वृत्तपत्रांच्या इतिहासात खेळ म्हणजे पाने भरणारा एक विषय. या दोन संस्थांनी एकमेकींना कसे घडवले, हा प्रश्न मधल्या मध्ये राहून जातो. त्याचे उत्तर शोधणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

प्रतिपाद्य थोडक्यात असे. मैदान आणि वृत्तपत्र ही विद्यार्थ्यांच्या स्वयंशासनाची दोन अंगे होती. दोन्ही अभ्यासक्रमाबाहेर, विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने आणि त्यांच्याच वर्गणीवर उभी राहिली. खेळाला प्रेक्षक मिळवून देण्याचे काम वृत्तपत्राने केले आणि वृत्तपत्राला रोजचा वाचक खेळाने दिला. पुढे पैसा वाढला, तसा खेळ विद्यार्थ्यांच्या हातून निसटला. त्यानंतर वृत्तपत्राचे मोल एकाच कसोटीवर ठरू लागले : जे हातून गेले त्याबद्दल ते खरे बोलू शकते का?

येथे ‘फुटबॉल’ म्हणजे लंबगोल चेंडूचा, अंगाला अंग भिडवून खेळायचा अमेरिकी खेळ समजावा. काळ साधारण १८९० ते १९३२ असा धरला आहे. मुळे शोधण्यापुरते त्यामागे जावे लागेल. उदाहरणे मुख्यतः हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि फिस्क येथील आहेत.

२. एकाच मुळाच्या दोन शाखा

अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे हार्वर्ड आणि येल यांची १८५२ मधील नौकाशर्यत. न्यू हॅम्पशायरमधील विनिपेसॉकी सरोवरावर ती झाली आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला, कारण शर्यत पाहायला येणारे लोक तिच्याच गाड्यांनी येणार होते. खेळ, प्रवासी आणि पैसा यांचे नाते पहिल्या दिवसापासून असे जुळलेले होते. पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला.

आता वृत्तपत्रांच्या तारखा पाहाव्यात. हार्वर्डमध्ये ‘मॅजेंटा’ १८७३ मध्ये निघाले. दोन वर्षांनी त्याचे ‘क्रिमझन’ झाले आणि १८८३ मध्ये दुसऱ्या एका पत्राशी एकत्र येऊन ते दैनिक बनले. प्रिन्स्टनचे ‘प्रिन्स्टोनियन’ १८७६चे, कोलंबियाचे ‘स्पेक्टेटर’ १८७७चे. ‘येल डेली न्यूज’ जानेवारी १८७८ मध्ये आणि ‘कॉर्नेल डेली सन’ १८८० मध्ये सुरू झाले. पहिल्या फुटबॉल सामन्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत देशातील प्रमुख विद्यार्थी-पत्रे उभी राहिलेली दिसतात.

केवळ तारखा जवळ असल्याने कार्यकारण सिद्ध होत नाही. परंतु दोहोंमागची परिस्थिती एकच होती, हे दाखवता येते. वर्गाबाहेरच्या वेळाची फारशी चिंता त्या काळचे अध्यापक करत नसत. विद्यार्थी वसतिगृहात राहात, त्यांची संख्या वाढत होती आणि रेल्वेमुळे शेजारचे महाविद्यालय काही तासांवर आले होते. दोन गावांच्या संघांना एकत्र खेळायचे तर आधी नियम एक करावे लागतात. तेही काम विद्यार्थ्यांनीच केले. १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया यांचे विद्यार्थी-प्रतिनिधी जमले आणि रग्बीच्या आधारे त्यांनी सामाईक नियम ठरवले. कर्णधाराची निवड खेळाडू करत, सामने ठरवणारा आणि हिशेब ठेवणारा मॅनेजर विद्यार्थीच असे. १८९२ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांच्यातील पहिल्या सामन्याची व्यवस्था पाहणाऱ्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थी-मॅनेजरचे नाव हर्बर्ट हूवर; तोच पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आव्हाने स्वीकारणे, वर्गणी गोळा करणे, नियम जाहीर करणे, सभा बोलावणे या सर्वांसाठी छापील कागद लागतो. आणि रोज कागद छापायचा तर रोज घडणारे काहीतरी लागते. वसतिगृहाच्या बंदिस्त जगात रोज काहीतरी नवे घडण्याची हमी फक्त मैदान देत होते. या परस्पर गरजेतून दोहोंची जोडी जमली.

३. वृत्तपत्राची घडण : उमेदवारी

विद्यार्थी-पत्रात जागा मिळवण्याची पद्धत मैदानावरच्या निवडीसारखीच कठोर होती. येल आणि हार्वर्ड येथे नव्या विद्यार्थ्याला अनेक आठवडे उमेदवारी करावी लागे. बातम्या आणायच्या, जाहिराती मिळवायच्या, रात्री छापखान्यात मुद्रिते तपासायची. या प्रत्येक कामाची तुलना इतर उमेदवारांच्या कामाशी होई आणि अखेर थोडेच जण संपादक मंडळावर घेतले जात. उरलेल्यांना परत फिरावे लागे. निवड करणारेही विद्यार्थीच. संपादक निवडण्याचा हा अधिकार विद्यार्थ्यांकडे असणे, ही या संस्थेची खरी ताकद होती. त्याचे महत्त्व पुढे दिसेल.

पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९०० मध्ये तो हार्वर्डमध्ये आला तेव्हा त्याने आधी फुटबॉलच्या निवडीत नशीब अजमावले. अंगाने सडपातळ असल्याने तेथे त्याचा निभाव लागला नाही. मग तो ‘क्रिमझन’च्या उमेदवारीत उतरला. १९०१च्या वसंतात आपले नातलग, तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट एका प्राध्यापकाच्या वर्गात व्याख्यान देणार असल्याची बातमी त्याने मिळवली आणि छापली. पदवीसाठी लागणारा अभ्यास तीन वर्षांत पूर्ण झाला असतानाही ‘क्रिमझन’चे अध्यक्षपद सांभाळण्यासाठी तो चौथ्या वर्षी थांबला. मैदानाने नाकारलेल्या तरुणाला सार्वजनिक जीवनाचा दुसरा दरवाजा वृत्तपत्राने उघडून दिला. महाविद्यालयात मान मिळवण्याचे हे दोन मुख्य मार्ग होते आणि एक बंद झाला तर दुसरा चोखाळता येत असे.

ही उमेदवारी व्यवसायाचेही शिक्षण देई. ‘येल डेली न्यूज’मध्ये ब्रिटन हॅडन आणि हेन्री ल्यूस यांनी एकत्र काम केले आणि १९२३ मध्ये त्याच दोघांनी ‘टाइम’ साप्ताहिक काढले. ‘क्रिमझन’ची स्वतःची इमारत केंब्रिजमधील प्लिम्प्टन रस्त्यावर १९१५ मध्ये उभी राहिली. विद्यार्थ्यांच्या पत्राने स्वतःच्या छपराखाली बसावे, एवढी आर्थिक भक्कमता त्यांना वर्गणीदार आणि स्थानिक जाहिराती यांतून आली होती. शिंपी, चपलांची दुकाने, खानावळी आणि खेळाचे साहित्य विकणारे यांना विद्यार्थी गिऱ्हाईक हवे होते, आणि ते सकाळी पत्र उघडत असे ते मुख्यतः संघाची बातमी पाहण्यासाठी.

४. वृत्तपत्राची चार कामे

खेळाच्या संदर्भात विद्यार्थी-पत्र कोणती कामे करत होते, याचे पृथक्करण केले तर चार कामे हाती लागतात : माहिती देणे, आवाहन करणे, हिशेब मागणे आणि टीका करणे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. पहिले काम सर्वात सोपे आणि सर्वत्र आढळणारे आहे. पुढचे प्रत्येक काम अधिक अवघड आणि अधिक विरळ होत जाते.

माहिती हे पायाभूत काम. सरावाची वेळ, निवडलेल्या खेळाडूंची यादी, दुखापती, सामन्याच्या गावी जाणारी गाडी, तिकिटांच्या अर्जाची मुदत या गोष्टी रोज छापल्या जात. आज क्षुल्लक वाटणाऱ्या या नोंदींमुळेच सामना हा सर्व महाविद्यालयाचा प्रसंग बनला. ज्याने चेंडूला कधी हात लावला नाही असा विद्यार्थीही त्या यादीमुळे आठवडाभर संघाबरोबर जगत असे.

दुसरे काम आवाहनाचे. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा संघ सतत हरत होता, तेव्हा प्रेक्षकांच्या घोषणांना शिस्त लावण्यासाठी काही विद्यार्थी पुढे आले. त्यांची नावे ‘एरियल’ या तेथील विद्यार्थी-पत्राने जाहीर केली. संघटित घोषणानायकांची पुढे देशभर पसरलेली प्रथा याच घटनेपासून मोजतात. फ्रँकलिन रूझवेल्टनेही ‘क्रिमझन’चा अध्यक्ष असताना संघात जिद्द नाही आणि प्रेक्षक मनापासून घोषणा देत नाहीत, अशी खरडपट्टी अग्रलेखांतून काढली. त्याच लेखणीने त्याने वसतिगृहांतील आगीपासूनच्या बचावाच्या सोयी आणि चिखलात घालायच्या फळ्यांच्या वाटा यांचीही मागणी केली. या दोन प्रकारच्या अग्रलेखांत फरक आहे. घोषणा द्या असे सांगताना संपादक विद्यार्थ्यांकडून निष्ठा मागतो. आगीपासून बचावाची सोय करा असे सांगताना तो प्रशासनाला जाब विचारतो. खेळाच्या बाबतीत पहिला सूर वरचढ राहिला.

५. खेळ हातून कसा गेला

तिसऱ्या आणि चौथ्या कामाची गरज का पडली, हे समजण्यासाठी खेळाच्या मालकीत झालेला बदल पाहावा लागतो. तो तीन वाटांनी झाला.

पहिली वाट प्रशिक्षकाची. शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये एमोस अलोन्झो स्टॅग याला अध्यापकाचा दर्जा देऊन शारीरिक शिक्षणाचा प्रमुख नेमले. तोवर प्रशिक्षण म्हणजे कर्णधाराने आणि फावल्या वेळात येणाऱ्या माजी खेळाडूंनी करायचे काम होते. हार्वर्डने १९०५ मध्ये बिल रीड या सव्वीस वर्षांच्या माजी खेळाडूला सुमारे ७,००० डॉलर देऊन आणले. त्यातील निम्मी रक्कम माजी विद्यार्थ्यांनी भरली होती आणि हा आकडा तेथील कोणत्याही प्राध्यापकाच्या पगाराहून मोठा होता. असा माणूस आल्यावर निर्णय कर्णधाराकडे उरणे शक्य नव्हते.

दुसरी वाट माजी विद्यार्थ्यांची. येलचा वॉल्टर कँप हा या खेळाचा मुख्य शिल्पकार. चेंडूवर एका वेळी एकाच संघाचा ताबा असावा आणि ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापले नाही तर तो सोडावा, हे १८८० आणि १८८२ मधील नियम त्याच्याच प्रयत्नांनी आले. पुढे अनेक वर्षे येलच्या खेळाच्या तिजोरीवर त्याचे लक्ष आणि हात होता. तेथे सुमारे १,००,००० डॉलरचा राखीव निधी साठल्याचे १९०५च्या सुमारास उघडकीस आले.

तिसरी वाट सिमेंटची. हार्वर्डचे क्रीडागार नोव्हेंबर १९०३ मध्ये खुले झाले. सळईबंद काँक्रीटचे ते देशातील पहिले मोठे क्रीडागार. उद्घाटनाच्या सामन्यात डार्टमथने यजमानांना ११-० असे हरवले. येलचे ‘बोल’ हे क्रीडागार १९१४ मध्ये सुमारे ७०,००० प्रेक्षकांसमोर सुरू झाले आणि तेथेही पाहुण्या हार्वर्डने ३६-० असा विजय मिळवला. एवढ्या बांधकामाचा खर्च निघायचा तर दर मोसमात खुर्च्या भरल्याच पाहिजेत. खुर्च्या भरायच्या तर जिंकले पाहिजे, आणि जिंकायचे तर चांगले खेळाडू कुठूनही आणले पाहिजेत. विद्यार्थ्यांच्या छंदाला जे नियम पुरत होते, ते या चक्राला पुरणारे नव्हते.

६. १९०५ : कसोटीचे वर्ष

ही सर्व सूत्रे १९०५ मध्ये एकत्र आली. ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकात हेन्री बीच नीडम यांनी महाविद्यालयीन खेळाडूंच्या सौदेबाजीवर लेख लिहिले. येलचा कर्णधार जेम्स होगन याला फुकट निवास मिळत होता, आवारात विकल्या जाणाऱ्या एका सिगारेट छापावर दलाली मिळत होती आणि क्यूबाची सहलही मिळाली होती, हे त्यातून देशाला कळले. ‘कॉलियर्स’ने मध्यपश्चिमेतील विद्यापीठांचा असाच पंचनामा छापला. ९ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. त्यांचा मुलगा त्याच मोसमात हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघातून खेळत होता. मोसम संपता संपता ‘शिकागो ट्रिब्यून’ने मृत्यूंची यादी दिली : १८ मृत्यू आणि १५९ गंभीर दुखापती. मृतांत बहुतेक शाळकरी मुले होती. २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा हॅरोल्ड मूर मरण पावला. त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्रॅकन यांनी पुढाकार घेतला आणि डिसेंबरअखेर ६२ महाविद्यालयांची परिषद भरली. तिच्यातून १९०६ मध्ये जी संघटना स्थापन झाली तिलाच १९१० पासून एन.सी.ए.ए. म्हणतात.

नियम बदलले ते असे. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली, तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड कापण्याची अट आली, दोन फळ्यांमध्ये मोकळी पट्टी ठेवण्यात आली आणि खेळाचा वेळ ७० मिनिटांवरून ६० वर आला. या सर्वांचा उद्देश एकच होता : एका ठिकाणी रेटारेटी करणारा घोळका मोडून खेळ मैदानभर पसरवणे. १९०९ मध्ये पुन्हा मृत्यू झाल्यावर १९१० मध्ये चेंडू नेणाऱ्याला ढकलण्या-ओढण्यास बंदी झाली. १९१२ मध्ये चौथा प्रयत्न मिळाला आणि आजचा अमेरिकी फुटबॉल बव्हंशी तयार झाला.

या घटनाक्रमातून आपल्या प्रश्नापुरता निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. सौदेबाजी उघड केली ती बाहेरच्या मासिकांनी. मृत्यू मोजले ते शहरी दैनिकाने. जे पत्र मैदानापासून सर्वात जवळ होते, ज्याचे बातमीदार खेळाडूंच्या शेजारच्या खोलीत झोपत होते, त्या विद्यार्थी-पत्राने हे काम आधी करायला हवे होते. माहिती नव्हती असे मानण्यास जागा नाही. संघ ‘आपला’ होता आणि आपल्या माणसाचा हिशेब मागणे म्हणजे फितुरी, ही भावना आडवी आली. वर्षानुवर्षे आवाहनाचे काम केलेल्या लेखणीला हिशेबाचे काम जड गेले.

७. फुटबॉलविना दहा वर्षे : कोलंबिया

खेळाशिवाय विद्यार्थी-पत्र जगू शकते का? या प्रश्नाला इतिहासाने एक प्रयोगच करून उत्तर दिले आहे. १९०५चा मोसम संपताच निकोलस मरे बटलर अध्यक्ष असलेल्या कोलंबियाने फुटबॉल बंद केला आणि तो थेट १९१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी १९०६ मध्ये फुटबॉल सोडून रग्बी स्वीकारली. तेथे खेळ बदलला तरी दोघांतील चुरस कायम राहिली. कोलंबियात मात्र मुख्य खेळच गेला होता. त्या दहा वर्षांत ‘स्पेक्टेटर’ निघत राहिले. नौकाशर्यती, बास्केटबॉल, वादविवाद, वर्गांच्या निवडणुका, शहरातील व्याख्याने यांनी त्याचे रकाने भरले. कोलंबियाच्या नौकेने १९१४ मध्ये पकीप्सीची प्रतिष्ठेची शर्यत जिंकली.

याच काळात, जुलै १९१३ मध्ये, बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबियात दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तेथे शिकले. त्यांचा बहुतेक काळ ग्रंथालयात आणि जॉन ड्यूई, एडविन सेलिगमन यांच्या वर्गांत गेला. त्यांच्या मुक्कामातली पहिली दोन वर्षे फुटबॉल नसलेल्या कोलंबियाची होती. मराठी वाचकाला हा तपशील महत्त्वाचा वाटावा, कारण अमेरिकी विद्यापीठ म्हटले की फुटबॉलचे गर्जणारे क्रीडागार हे चित्र किती अपुरे आहे ते त्यातून कळते. बाबासाहेबांनी ज्या विद्यापीठाचे ऋण जन्मभर मानले, ते त्या काळी या गर्जनेविना उत्तम चालले होते.

प्रयोगाचा निकाल स्पष्ट आहे. खेळाने विद्यार्थी-पत्राला बाळसे दिले हे खरे, परंतु ते उभे राहिल्यावर त्याचे जगणे एका खेळावर अवलंबून नव्हते. म्हणून ‘टीका केली तर पत्र बुडेल’ ही सबब टिकत नाही.

८. ज्यांना प्रवेश नव्हता

आतापर्यंतचे चित्र मुख्यतः श्वेतवर्णीय, सुखवस्तू पुरुषांचे आहे. या दोन संस्थांचे खरे मोल समजायचे तर ज्यांना त्या नाकारल्या गेल्या त्यांच्याकडे पाहावे लागते.

स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी १८९२ मध्ये, खेळाचा जन्म झाल्यावर काही महिन्यांतच, बास्केटबॉल आणला आणि धक्काबुक्की टाळण्यासाठी मैदानाचे तीन भाग करून स्त्रियांसाठी वेगळे नियम बसवले. १८९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्डच्या मुलींनी कॅलिफोर्नियाच्या मुलींना २-१ असे हरवले; तेथे पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. न्यूयॉर्कमध्ये बार्नर्डच्या विद्यार्थिनींनी १९०१ मध्ये ‘बार्नर्ड बुलेटिन’ काढले आणि १९०३ मध्ये पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या वर्गांमध्ये ‘ग्रीक खेळां’ची स्पर्धा सुरू केली. दोन वर्षांच्या आत वृत्तपत्र आणि स्पर्धा दोन्ही उभी राहावीत, ही गोष्ट आपल्या प्रतिपाद्याला बळ देते. संधी मिळताच विद्यार्थिनींनीही हीच दोन साधने हाती घेतली.

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कहाणी अधिक कठीण आहे. विल्यम हेन्री लुईस ॲमहर्स्टचा कर्णधार होता, नंतर हार्वर्डकडून खेळला आणि १८९६ मध्ये त्याने फुटबॉलवर पुस्तकही लिहिले. रटगर्सचा पॉल रोबसन १९१७ आणि १९१८ मध्ये देशातील सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. पण असे खेळाडू एकेकटे होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत १८९२ मध्ये बिडल आणि लिव्हिंग्स्टन यांच्यात पहिला सामना झाला. तेथे खेळ आणि पत्र ही समूहाच्या प्रतिष्ठेची साधने होती.

या संदर्भातले सर्वात महत्त्वाचे उदाहरण टेनेसीतील फिस्क विद्यापीठाचे आहे. तेथील श्वेतवर्णीय अध्यक्ष फेएट मॅकेन्झी यांनी ‘फिस्क हेरल्ड’ हे विद्यार्थी-पत्र बंद पाडले होते आणि विद्यार्थ्यांना खेळांची संघटना वा प्रातिनिधिक मंडळ चालवू दिले नव्हते. ‘हेरल्ड’चे एकेकाळचे संपादक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९२४ मध्ये फिस्कमध्येच येऊन या कारभारावर जाहीर टीका केली. १९२५ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला. त्यांच्या मागण्यांत विद्यार्थी-मंडळ, वृत्तपत्र आणि खेळांची संघटना या तिन्ही गोष्टी होत्या. त्या वसंतात मॅकेन्झी यांना पद सोडावे लागले. दडपणाऱ्याने आणि लढणाऱ्यांनी, दोघांनीही मैदान आणि वृत्तपत्र यांना एकाच हक्काची रूपे मानले. हार्वर्ड-येलच्या मुलांना जे आयते मिळाले त्याची खरी किंमत फिस्कच्या मुलांनी दाखवून दिली.

९. प्रसिद्धीचे दशक आणि त्याचा शेवट

१९२०च्या दशकात विद्यार्थी-लेखणीला नवा ग्राहक मिळाला : खुद्द खेळाचे प्रशासन. ऑक्टोबर १९२४ मध्ये नोट्र डेमने न्यूयॉर्कमध्ये लष्करी अकादमीच्या संघाला १३-७ असे हरवले. पत्रकार ग्रँटलँड राइस यांनी विजेत्यांच्या चार खेळाडूंना बायबलमधील चार घोडेस्वारांची उपमा दिली. संघाच्या प्रसिद्धीचे काम करणारा जॉर्ज स्ट्रिकलर हा विद्यार्थी होता. त्याने चौघांना खरोखरच घोड्यांवर बसवून छायाचित्र काढवले आणि ते देशभर छापून आले. कल्पना हुशार होती. पण येथे विद्यार्थी बातमीदाराची जागा सोडून प्रचारकाच्या जागेवर बसला होता. आवाहनाचे जुने काम आता पगारी झाले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानने महाविद्यालयीन खेळांवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. पाहणी केलेल्या संस्थांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ठिकाणी खेळाडूंना आमिषे दिली जात असल्याचे त्यात दाखवले होते. वृत्तपत्रे आणि खेळ यांच्या संबंधावर त्यात स्वतंत्र प्रकरण होते. खेळ विद्यार्थ्यांना परत द्यावा, हा त्या अहवालाचा गाभा.

यानंतर चौथे काम, म्हणजे टीका, एका विद्यार्थी संपादकाने पूर्ण ताकदीने करून दाखवले, तेही कोलंबियातच. १९३१-३२ मध्ये ‘स्पेक्टेटर’चा संपादक असलेल्या रीड हॅरिसने फुटबॉलला धंद्याचे रूप आल्याचे लिहिले आणि विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाच्या कारभारावर आरोप छापले. एप्रिल १९३२ मध्ये त्याला महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, प्रकरण देशभर गाजले आणि काही आठवड्यांतच विद्यापीठाला हकालपट्टी मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी त्याने ‘किंग फुटबॉल’ हे पुस्तक लिहिले. १९०५ मध्ये फुटबॉल बंद करण्याचे धैर्य दाखवणारे बटलरच १९३२ मध्येही अध्यक्ष होते. एकाच माणसाच्या कारकिर्दीत संस्थेची भूमिका अशी उलटली, यावरून मधल्या काळात खेळातील हितसंबंध किती वाढले होते याची कल्पना यावी.

१०. एक आक्षेप

येथे असा आक्षेप घेतला जाईल की विद्यार्थी-पत्राकडून शोधपत्रकारितेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनी आपल्या संघावर प्रेम करावे हे स्वाभाविक आहे, आणि त्या प्रेमातूनच विखुरलेल्या विद्यार्थ्यांचा एक समाज बनला. आक्षेपाचा दुसरा भाग पूर्ण मान्य करायला हवा. यादी वाचणारा, घोषणा देणारा, हिवाळ्यात गाडीने दूरच्या सामन्याला जाणारा विद्यार्थी एका समूहाचा घटक होत होता, आणि ही कमाई लहान नाही.

पहिला भाग मात्र मान्य करता येत नाही. हॅरिस तेवढाच तरुण होता. फिस्कचे संपकरी तेवढेच तरुण होते. वयाने कुणाला अडवले नाही. जेथे पत्राचा पैसा स्वतःचा होता आणि संपादक विद्यार्थ्यांनी निवडला होता, तेथे टीका करण्याची शक्यता तरी होती. जेथे लेखणी संघाच्या कचेरीतून पगार घेत होती तेथे ती उरली नव्हती. प्रेम आणि हिशेब यांत विरोध नाही. हॅरोल्ड मूरसारख्या खेळाडूवर खरे प्रेम असते, तर त्याच्या मृत्यूआधीच घोळक्याच्या खेळाविरुद्ध सर्वात मोठा आवाज विद्यार्थी-पत्रांनीच उठवला असता.

११. निष्कर्ष

विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला : महाविद्यालयीन खेळ आणि विद्यार्थी-वृत्तपत्र ही विद्यार्थ्यांनी स्वतः उभारलेली सार्वजनिक जीवनाची शिक्षणकेंद्रे होती, आणि एकाची वाढ दुसऱ्याशिवाय समजत नाही. दुसरा : प्रशिक्षक, माजी विद्यार्थी आणि क्रीडागार यांच्यामार्फत पैसा आला तसा खेळ विद्यार्थ्यांच्या ताब्यातून गेला; वृत्तपत्र मात्र जेथे आर्थिक आणि संपादकीय स्वातंत्र्य राखले गेले तेथे त्यांचेच राहिले. तिसरा : माहिती आणि आवाहन यांवर थांबलेले पत्र सत्तेचा भोंगा बनते, हिशेब आणि टीका यांच्यापर्यंत पोहोचलेले पत्रच विद्यार्थ्यांचे म्हणता येते.

आपल्या महाविद्यालयांतही जिमखाना आहे आणि वार्षिक अंक आहे. दोन्हींसाठी विद्यार्थी दरवर्षी शुल्क भरतात. जिमखान्याचा जमाखर्च त्याच अंकात छापावा आणि अंकाचे संपादक विद्यार्थ्यांनी निवडावेत, एवढे केले तरी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनुभवातून आपण काही शिकलो असे म्हणता येईल. प्राचार्यांनी आणि विद्यार्थी-प्रतिनिधींनी ही सुरुवात येत्या वर्षीच करावी.